दोघं सुखरूप

फोन आला तेव्हा मी काट्यावर होतो.
सावद्याहून दिल्लीला जाणारी केळीची गाडी,
घड एकेक वर चढत होते.
सासरे म्हणाले, मुलगी झाली. दोघं सुखरूप.
मी वहीत एक आकडा लिहिला,
तो कोणत्या घडाचा, ते आजही सांगता येत नाही.

दोघं म्हणजे हर्षाली आणि ती.
माझं आयुष्य मोजण्यात गेलं, तरी
त्या दोघांत मी नाही
हे कळायला मला एसटीनं यावल ओलांडावं लागलं.

चोपड्याला जावयाला खुर्ची मिळते,
डोक्यावर पंखा, हातात चहा,
आणि आतल्या खोलीच्या दाराला पडदा.
पडद्याखालून ओव्याची धुरी येते.
मामेसासू बाहेर आल्या, दुपट्यातली लाल मूठ दाखवली,
"बापावर गेलीय," म्हणाल्या,
आणि बापाला न देताच आत गेल्या.
तुमच्या हातांना सवय नाही, म्हणे.
खरंच होतं ते. काय भांडणार?

पाचवीला पाटावर कोरा कागद ठेवला.
पेन कुणाकडे नव्हतं, माझं दिलं.
रात्री सटवाई येऊन लिहिते म्हणतात.
मी ओसरीवर जागाच होतो. वाटलं,
आलीच तर म्हणावं, बाई, शाई उरली तर
खालच्या कोपऱ्यात माझ्यासाठीही दोन ओळी,
हे सुरू कुठून करायचं एवढंच.
सकाळी कागद कोरा.
पेन मी परत खिशाला लावलं.

खरं सांगू? माया आलीच नव्हती अजून.
भीती आली होती.
घरी एकट्याला रात्री
शेजारच्या कुकरची शिट्टीही रडल्यासारखी वाटायची.
पेढे वाटले. जो तो विचारायचा, दोघं कशी आहेत?
बरी आहेत, मी म्हणायचो.
एकदा केळीच्या पाल्याच्या ढिगाआड जाऊन रडलो,
चष्मा पुसून येतो असं सांगून.
मला चष्मा नाही.

सुभान तडवीनं पाहिलं.
चार लेकरांचा बाप, खांद्यावर गादी बांधून
दिवसाला दोनशे घड वाहणारा.
बोलला काही नाही. डबा उघडला,
कळण्याची भाकर मोडून अर्धी माझ्यापुढे केली.
मग म्हणाला, "तू कसा हाये?"

एकवीस दिवसांत पहिल्यांदा
कुणी मला एकवचनात विचारलं होतं.

"पोरगी किती भरली?"
दोन सहाशे.
त्यानं एक फणी कापली, काट्यावर ठेवली,
दोन केळी तोडली, पुन्हा ठेवली. दोन सहाशे.
पानात गुंडाळून माझ्या हातात दिली.
"हा हात मानेखाले. हा बुडाखाले.
दाबू नको, सोडू बी नको.
आता चाल त्या गाडीलोक."
हमाल हसले. मी चाललो.
"हसू दे त्यायले," सुभान म्हणाला,
"मले तं भावानं खरबूज देलं होतं शिकाले,
तापीकाठचं.
फुटलं."

रविवारी मी खुर्चीवर बसलोच नाही.
पडदा सारला.
हर्षाली जागी होती, डोळ्यांखाली काळं,
केस तेलानं चिकटलेले.
पाहिलं माझ्याकडे, म्हणाली, "घे हिला. मला तासभर झोपू दे."
आणि झोपलीसुद्धा, वाक्य पुरं व्हायच्या आत.

हा हात मानेखाली. हा बुडाखाली.
आता ती तीनच्या पुढे असणार, अंदाजानं सांगतो,
वहीत लिहिलेलं नाही.
तिनं जांभई दिली, एवढ्याशा तोंडाची केवढी ती जांभई,
आणि माझ्या शर्टाचं बटण धरलं.

सासूबाई दारात आल्या. हात पुढे झाले,
मग का कोण जाणे, मागे घेतले.
"जमतंय का?"
नाही, मी म्हणालो. जरा शिकवता का?
त्या आत आल्या, माझं कोपर थोडं वर केलं,
आणि मग त्यांचं लक्ष खाली गेलं.
"अहो, बाळंतिणीची खोली आहे. बूट काढा आधी."

हात मोकळे नाहीत, मी म्हणालो.